चिनी वैद्यकात अतितहानेची पारख आणि उपचार

"खूप तहान लागते" एवढ्यावर चिनी वैद्य औषध लिहून देत नाही. पाणी गार हवे की कोमट? घटाघट पिता की घोट घोट? प्यायलेले पोटात ठरते की उलटून पडते? लघवी किती, आणि रात्री किती वेळा? मिंग काळातले वैद्य झांग जिंग्युए यांनी रोग्याला काय काय विचारावे याची दहा कलमे घालून दिली, त्यांतले आठवे तहानेचे आहे. एवढी चौकशी करण्याला कारण आहे. याच एका तक्रारीवर जिप्समचा थंड काढा हेही औषध आहे आणि दालचिनीच्या डहाळ्या घातलेले गरम चूर्ण हेही. उलटसुलट दिले तर तहान तशीच राहते, वर जुलाब नाहीतर छातीत धडधड पदरात पडते. बहुतेक घरगुती उपचार इथेच फसतात. तहान म्हणजे उष्णता असे धरून जो तो थंड रस पाजत सुटतो.

आधी रक्त तपासा

नाडी आणि जीभ नंतर. प्रौढ माणसाची तहान आठवडाभर वाढलेली असेल तर पहिले काम रक्तातली साखर पाहण्याचे. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त, किंवा तहान-लघवी-वजनघट अशी लक्षणे असताना कोणत्याही वेळी २०० किंवा जास्त, असे आकडे आले तर तो मधुमेह. त्याचे औषध डॉक्टरांकडून सुरू करायचे. खाली दिलेले उपाय हवे तर त्याच्या जोडीला येतील, त्याच्या जागी नाही.

तहानेबरोबर उलट्या, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी यांतले काही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होऊ लागल्याची ही लक्षणे आहेत आणि इथे काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. साखर ठीक असूनही लघवी दिवसाला तीन लिटरच्या वर जात असेल तर कॅल्शियम, सोडियम, मूत्रपिंड आणि पिट्युटरी ग्रंथीचा विचार करावा लागतो. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, लिथियम, ॲलर्जीची आणि मनोविकाराची काही औषधे यांनीही तोंड कोरडे पडते किंवा तहान वाढते. गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.

शरीरातले पाणी वर कसे चढते

चिनी वैद्यकाच्या मते प्यायलेले पाणी आपोआप शरीराला मिळत नाही. पोट ते घेते, प्लीहा त्यातला उपयोगी भाग वर उचलते, फुप्फुस तो पावसासारखा खाली आणि बाहेर पसरवते, आणि तळाशी मूत्रपिंड उरलेल्याला ऊब देऊन त्यातले चांगले पुन्हा वर पाठवते. ही अवयवांची नावे शरीरशास्त्रातल्या अवयवांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्याकडे कामाच्या गटांची नावे म्हणून पाहावे. या साखळीची कुठलीही कडी बिघडली की तोंड कोरडे पडते, पण प्रत्येक वेळी कोरडेपणाची तऱ्हा वेगळी असते.

मूत्रपिंडाचा भाग समजायला जुन्या चिनी ग्रंथांतले उदाहरण पुरेसे आहे. झाकण ठेवलेल्या भांड्यात पाणी भरपूर आहे, पण खाली आग नाही; मग वाफ होत नाही आणि झाकण आतून कोरडेच राहते. इथे झाकण म्हणजे फुप्फुस आणि घसा. अशा माणसाला आणखी पाणी किंवा थंड रस देऊन काय होणार? जाळ लावावा लागतो. अतितहानेवर गरम औषधे का दिली जातात ते यातून कळते.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक इशारा. 'पित्त वाढले म्हणजे त्यांची पोटाची आग, कफ म्हणजे त्यांची ओल' असे एकास एक जुळवू नका. आयुर्वेदाची मांडणी स्वतंत्र आहे. दोन्हींची भेळ करून निवडलेला काढा दोन्ही शास्त्रांत चुकीचा ठरतो.

तीन दिवसांची नोंद

वैद्याकडे जाण्याआधी तीन दिवस पुढील गोष्टी लिहून ठेवा. पाण्यासाठी एकच मापाचा पेला वापरा आणि चहा, ताक, सरबत हेही त्यात धरा. एक दिवस चोवीस तासांची लघवी मापाच्या भांड्यात मोजा. प्रत्येक वेळी तहान लागली तेव्हा काय प्यावेसे वाटले, गार की गरम, तेही लिहा. नुसते तोंड कोरडे पडले पण पाणी नको वाटले, असे झाले तर ते आवर्जून लिहा, कारण पुढची निम्मी पारख त्यावर आहे. मलाचे स्वरूप, भूक, रात्री घाम येतो का, पाय गार पडतात की तळपाय जळजळतात, हेही हवे.

जीभ सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, खिडकीतल्या उजेडात पाहायची. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. बीट, जांभूळ, कॉफी, हळदीचे दूध यांनी थर रंगतो. आणि मराठी घरात मुद्दाम सांगायला हवी अशी गोष्ट म्हणजे त्या सकाळी जीभ खरवडू नका. आपण जो थर रोज काढून टाकतो तोच चिनी वैद्याला पाहायचा असतो. थर जाड आहे की मुळीच नाही, पांढरा की पिवळा, ओला की खरखरीत, यावर औषध बदलते. मोबाइलवर फोटो काढणार असाल तर फ्लॅश बंद ठेवा आणि जीभ दहा सेकंदांपेक्षा जास्त बाहेर ताणू नका. ताणली की ती जांभळट दिसू लागते.

तहानेच्या तऱ्हा

खरी आग. गार पाणी हवे, तेही भरपूर. चेहरा लाल, घाम, अंग गरम, जीभ लाल आणि थर पिवळा, कोरडा. नाडी मोठी आणि उसळती. जोराच्या तापात किंवा उन्हाच्या तडाख्यात हे चित्र दिसते. इथला ठरलेला काढा म्हणजे जिनसेंग घातलेला 'पांढरा वाघ', चिनीत बायहू जिया रेनशन थांग. हान काळातले वैद्य झांग झोंगजिंग यांचा हा योग. आज चालणारे एका दिवसाचे माप असे: शिगाओ म्हणजे जिप्सम ३० ग्रॅम, झिमूचे कंद ९ ग्रॅम, भाजलेले गानत्साओ म्हणजे ज्येष्ठमधाची चिनी जात ६ ग्रॅम, जिनसेंग ९ ग्रॅम आणि तांदूळ मूठभर. तांदूळ शिजला की काढा झाला. तांदूळ उगाच घातलेला नाही. तो पोटाला थंडीपासून सांभाळतो आणि त्याच्या पेजेत जिप्समचे बारीक कण तरंगत राहतात. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते, त्यामुळे खडे तसेच टाकून उकळले तर भांड्याच्या तळाशी दगड आणि पेल्यात पाणी. पूड करूनच घालायचे. तहान नाही, थंडी वाजते, घाम नाही, अशा तापाच्या सुरुवातीच्या अवस्थेत हा काढा देत नाहीत.

आटलेला रस. माणूस थोडे थोडे पण वारंवार पितो, रात्री जास्त. घसा कोरडा, खोकला सुका, तळहात-तळपाय गरम, जीभ लाल आणि थर पातळ किंवा नाहीसा; कधी तिला भेगा. तापातून उठलेली माणसे, उतारवयातल्या बायका, रात्रीची जागरणे करणारे यांच्यात हे नेहमीचे. याला यिनची, म्हणजे शरीराला थंड आणि ओले ठेवणाऱ्या बाजूची, कमतरता म्हणतात. इथे जिप्सम चालत नाही, भिजवणारी औषधे चालतात: मायदोंग नावाचे कंद ६ ते १२ ग्रॅम, युझूची मुळे ६ ते १२ ग्रॅम, शिहू नावाच्या ऑर्किडची खोडे ६ ते १२ ग्रॅम, लूगन म्हणजे नळगवताची मुळे सुकी १५ ते ३० ग्रॅम. पुढे दिलेला पाच रसांचा पेला याच तऱ्हेसाठी आहे.

उचलणारी शक्ती कमी. तहान आहे, पण सोबत थकवा, जेवल्यावर गुंगी, मल सैल, जीभ फिकट आणि कडांना दातांचे ठसे. पाणी शरीरात आहे, ते वर चढत नाही. झांग शीचुन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यासाठी युये थांग हा योग बांधला: कच्चे शानयाओ १ ल्यांग, हुआंगछी ५ छिएन, झिमू ६ छिएन, वूवेइझि ३ छिएन, थ्येनहुआफन ३ छिएन, कोंबडीच्या जठराचे आतले पिवळे अस्तर २ छिएन आणि गेगन दीड छिएन. १ छिएन म्हणजे आजच्या व्यवहारात ३ ग्रॅम धरतात, १० छिएनांचा १ ल्यांग. आजच्या चिनी बाजारातला ल्यांग मात्र ५० ग्रॅमचा आहे. जुना योग वाचून बाजारच्या ल्यांगाने तोलले तर मात्रा दीडपटीहून जास्त होते, आणि हान काळातल्या योगांना हा हिशोब लावला तर गोंधळ आणखी वाढतो.

तळाची आग मंद. पाणी प्यायले की तेवढीच लघवी, पांढरीफटक, रात्री दोन-तीनदा उठणे, कंबर दुखणे, पाय गार, जीभ फिकट आणि ओली. "एक मोठे माप प्यावे आणि एक माप लघवी व्हावी" असे वर्णन झांग झोंगजिंग यांनी करून ठेवले आहे आणि त्यावर मूत्रपिंडाच्या छीची म्हणजे प्राणशक्तीची गोळी, शेनछी वान, दिली आहे. तिचे प्रमाण पाहण्यासारखे आहे. दीहुआंग नावाचे मूळ ८ भाग, शानयाओ ४, शानझूयू ४, झशिए ३, मूदान ३, फूलिंग ३, आणि दालचिनीची डहाळी व फूझि फक्त एकेक भाग. थंड, भिजवणाऱ्या औषधांच्या ढिगात चिमूटभर विस्तव. फूझि हा बचनागाच्या कुळातला विषारी कंद आहे. तो शोधन केलेलाच लागतो आणि घरी घटक आणून ही गोळी वळायची नसते. गरम घटक दोन्ही वगळले की उरते ती सहा औषधांची ल्यूवेइ दीहुआंग वान; सोंग काळातले बालवैद्य छिएन यी यांनी ती मुलांसाठी केली होती. तळपाय जळजळणाऱ्या, जीभ लाल असलेल्या रुग्णाला ही, आणि पाय गार पडणाऱ्याला आधीची. दुकानात दोन्ही डब्या शेजारी असतात आणि तिथेच गल्लत होते.

अडकलेले पाणी. ही तऱ्हा सगळ्यांत जास्त चुकते. तहान खूप, पाणी प्यायले की लगेच उलटी, लघवी मात्र थोडी, पोटात पाणी डचमळते, जिभेवर पांढरा ओला थर. पाणी कमी नाहीच. ते वाटेत तुंबले आहे. यावर वूलिंग सान हे चूर्ण: झशिए सगळ्यांत जास्त, झूलिंग, फूलिंग आणि बायझू सारखे, दालचिनीची डहाळी सगळ्यांत कमी. मुळात हे काढा म्हणून नाही तर चूर्ण म्हणून, भाताच्या पेजेबरोबर, दिवसातून तीनदा घ्यायचे आहे. वर कोमट पाणी पिऊन हलका घाम येऊ द्यायचा. काढा करून घोटभर पाण्यात दिले तर उलटी होणाऱ्या माणसाच्या पोटात तोही ठरत नाही, हा साधा व्यवहार त्यामागे आहे. लहान मूल असे उलट्या करत असेल तर मात्र ओआरएस आणि डॉक्टर. चूर्ण शोधत बसू नये.

उरलेल्या दोन तऱ्हा थोडक्यात. तोंड चिकट, कडवट, तहान वाटते पण प्यावेसे वाटत नाही, थर पिवळा आणि बुळबुळीत, अशी ओलसर उष्णता असेल तर भिजवणारी औषधे तिला आणखी चिकट करतात. तोंडात पाणी खेळवावेसे वाटते पण गिळवत नाही, जिभेवर जांभळे ठिपके, हे रक्त साकळल्याचे लक्षण मानतात. या दोन्हींत घरगुती पेये कामाची नाहीत.

श्याओख आणि त्याचे तीन मजले

श्याओख म्हणजे झिजवणारी तहान. खूप पिणे, खूप खाणे, खूप लघवी आणि तरी वजन उतरणे, असा हा रोग. जुन्या 'पिवळ्या सम्राटा'च्या ग्रंथातच त्याचे कारण गोडधोड आणि चरबीदार खाणे असे दिले आहे आणि साचलेला वास घालवायला लान नावाची सुगंधी वनस्पती सुचवली आहे. थांग काळात, ७५२ मध्ये, वांग ताओ यांनी जुन्या वैद्यांचे संकलन केले, त्यात अशा रोग्याची लघवी गोड असते हे नोंदले आहे. म्हणून आज मधुमेह आणि श्याओख यांची सांगड घालतात. सगळाच मधुमेह मात्र श्याओख नव्हे. आज बहुतेकांची साखर तहान लागण्याआधीच तपासणीत सापडते आणि त्यांना यांतले एकही लक्षण नसते. उलट साखर नीट असलेला पिट्युटरीचा रोगी श्याओखच्या वर्णनात चपखल बसतो.

वरचा मजला फुप्फुसाचा: पिणे जास्त. मधला पोटाचा: भूक जास्त, मल कडक. खालचा मूत्रपिंडाचा: लघवी जास्त, फेसाळ. मधल्यासाठी झांग जिंग्युए यांचा युन्यू जिएन: जिप्सम, शिजवून काळे केलेले दीहुआंग, मायदोंग, झिमू आणि न्यूशी. खालच्यासाठी आधी सांगितलेल्या दोन गोळ्या, शेनछी वान आणि ल्यूवेइ दीहुआंग वान. वरच्यासाठी थ्येनहुआफन, हुआंगल्येन, ताजे दीहुआंग आणि कमळकंदाचा रस यांचा योग. रोगी सहसा एका मजल्यावर नसतो, म्हणून वैद्य मूळ औषध एक ठेवून वरखाली घटक जोडतो.

पथ्याबद्दल सातव्या शतकातले सुन सिमियाओ रोखठोक आहेत. तीन गोष्टींपासून जपा: दारू, संभोग, आणि खारट व पिठाचे पदार्थ. त्यांच्या मते हे पाळले तर औषधाविनाही निभावते आणि न पाळले तर कुठलेही औषध उपयोगाचे नाही. पिठाचा उल्लेख आजच्या आहारतज्ज्ञालाही खटकणार नाही.

पाच रसांचा पेला

वूझि यिन हा छिंग काळातल्या वू जूतोंग यांचा योग. तापाने अंगातला रस आटला, तोंडाला पांढरी चिकट लाळ आणि तहान फार, अशा वेळी द्यायचा. घटक: नाशपाती, पाणकंद, ताजी नळगवताची मुळे, मायदोंग आणि कमळकंद; कमळकंद नसेल तर ऊस. मूळ योगात माप नाही, प्रसंग पाहून ठरवा एवढेच आहे. घरी चालणारे माप असे:

नाशपाती २ मोठ्या, कमळकंद २०० ग्रॅम, पाणकंद १० ते १२, सुके मायदोंग १२ ग्रॅम, सुके लूगन २० ग्रॅम.

सुक्या दोन वस्तू ४०० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवा, मंद आचेवर पाणी १५० मिलिलिटर होईपर्यंत उकळा, गाळून कोमट होऊ द्या. कमळकंद स्वच्छ धुवा, भोकांतला चिखल काडीने काढा, साल काढा. पाणकंद सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवाच; पाण्यातल्या कच्च्या कंदांवर आतड्यात राहणाऱ्या चपट्या कृमींचे कोश असू शकतात. कमळकंदालाही हेच करा, निदान पोट नाजूक असेल तर. मग फळ-कंद मिक्सरमधून काढून सुती फडक्यातून पिळा आणि काढ्यात मिसळा. लोखंडी किसणी किंवा कढई वापरली तर कमळकंद काळा पडतो. तळाशी पिठूळ साका बसतो, तो ढवळून प्यायचा.

एकदम नाही, अर्धी वाटी, दिवसातून चार-पाच वेळा. गार आवडत नसेल तर पेला गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, थेट आचेवर नको. त्याच दिवशी संपवा.

बाजारात जाताना एक लक्षात ठेवा. इथला पाणकंद म्हणजे आपला शिंगाडा नव्हे. तो नागरमोथ्याच्या कुळातला गोल, तपकिरी, सफरचंदासारखा कुरकुरीत कंद आहे. इंग्रजी नाव एकच चालत असल्यामुळे शिंगाड्याच्या पिठाने हा रस करणारेही आहेत. त्याची लापशी होते. न मिळाल्यास तो वगळून नाशपाती वाढवा. कमळकंद मात्र सिंधी वस्तीच्या भाजीबाजारात भें या नावाने मिळतो, उल्हासनगरात सहज.

हा पेला कोणाला नको: मल सैल असणाऱ्याला, पोटात गारठा असणाऱ्याला, जिभेवर जाड पांढरा थर असणाऱ्याला, आणि मधुमेह्याला. फळांचा रस गाळला की उरते ती मुख्यतः साखर. तहान म्हणून पाजलेला हा रस साखर चढवतो, चढलेली साखर लघवी वाढवते आणि तहान दुप्पट होते. मधुमेह्यासाठी फक्त मायदोंग-लूगनचे पाणी, तेही डॉक्टरांना सांगून.

आंबट आलुबुखाऱ्याचे पाणी

बीजिंगच्या उन्हाळ्यातले सुआनमेइथांग हे यापेक्षा साधे. दोन लिटरसाठी वूमेइ म्हणजे धुरावलेले आंबट आलूफळ ४० ग्रॅम, सुके शानझा म्हणजे चिनी आंबट लाल फळ ३० ग्रॅम, चेनपी म्हणजे संत्र्याची जुनी साल ६ ग्रॅम, गानत्साओ ५ ग्रॅम, खडीसाखर ८० ते १०० ग्रॅम, शेवटी ओस्मॅन्थसची सुकी फुले चिमूटभर. पहिले चार धुऊन अर्धा तास भिजवा, उकळी आली की मंद आचेवर ४० मिनिटे. गाळताना साखर घाला, आच बंद केल्यावर फुले. फुले उकळली तर सुगंध जातो आणि कडूपणा उरतो. ॲल्युमिनियमचे पातेले नको, आंबट पाणी धातू खाते.

आंबट चव लाळ आणते आणि घाम आवरते, म्हणून घाम गळून लागलेल्या तहानेला हे बरे. ताप नुकताच येत असेल, सर्दी बाहेर पडत असेल, तेव्हा नको. आवरणारी वस्तू रोगालाही आत आवरते असे हे शास्त्र म्हणते. आम्लपित्त असलेल्यांनी तर लांबच राहावे. कोकम घालून केले तर सरबत छान होईल, पण ते कोकमचे सरबत.

काढा कसा उकळावा

मातीचे किंवा काचेचे भांडे, नाहीतर स्टील. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम नको. औषधे फार धुऊ नका, एकदा पाणी फिरवा. गार पाण्यात ३० मिनिटे भिजवा. पाणी औषधांच्या वर दोन बोटे. गरम पाण्यात भिजवले तर बाहेरचा थर घट्ट होऊन आतले उतरत नाही. मोठ्या आचेवर उकळी, मग मंद आचेवर साधारण २५ मिनिटे, पौष्टिक औषधांना ४० ते ५०. जिप्सम असेल तर ते एकटे २० ते ३० मिनिटे आधी. पहिला काढा गाळा, पुन्हा थोडे पाणी घालून २० मिनिटे उकळा, दोन्ही एकत्र करून दोन भाग करा: सकाळ आणि संध्याकाळ. काढा करपला तर पाणी घालून सावरू नका, टाकून द्या.

दाबायच्या जागा

तोंड कोरडे पडत असेल तर तीन जागा घरी दाबता येतात. थायशी: घोट्याचे आतले हाड आणि टाचेची मागची शीर यांच्या मधला खळगा. झाओहाय: त्याच हाडाच्या टोकाखालचा खळगा. ल्येनछुआन: गळ्याच्या मध्यरेषेवर, कंठमण्याच्या वर, इथे बोट जिभेच्या मुळाकडे हलकेच, घसा आवळणार नाही असे. प्रत्येकी एक ते दोन मिनिटे, झोपण्याआधी. पोटऱ्यांची सान्यिनजियाओ गर्भवतींनी टाळावी. जिभेखालच्या दोन शिरांना सुई टोचून रक्त काढण्याची पद्धत आहे, ती घरी कधीही करू नये.

जीभ बंद ओठांच्या आत दातांवरून गोल फिरवा, नऊ वेळा एका बाजूने, नऊ वेळा दुसऱ्या. जमलेली लाळ तीन घोटांत गिळा. म्हाताऱ्या माणसांच्या कोरड्या तोंडाला हे पाण्याच्या बाटलीपेक्षा जास्त टिकते.

शेक देण्याबद्दल सावध. सुन सिमियाओ यांनी पाठीच्या आठव्या मणक्याजवळच्या जागांवर मोक्साचा म्हणजे जळत्या सुक्या पाल्याचा शेक सांगितला आहे खरा, पण त्यांचाच नियम आहे की रोग शंभर दिवसांच्या वर गेला की शेक आणि सुई दोन्ही बंद, कारण जखम भरत नाही आणि पू वाहत राहतो. आजच्या भाषेत, जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते आणि भाजलेले कळतही नाही.

कोणती औषधे सांभाळून

थ्येनहुआफन हे आपल्या पडवळाच्या कुळातल्या वेलाचे मूळ. गर्भपात घडवणारे प्रथिन त्यात असल्याने गरोदरपणी पूर्ण वर्ज्य, आणि फूझिबरोबर एकत्र देण्यास जुनी बंदी आहे. म्हणजे शेनछी वान घेणाऱ्याने थ्येनहुआफनचा काढा स्वतःहून जोडायचा नाही. गानत्साओ आठवडेच्या आठवडे घेतले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर लवकरच.

आणि श्याओख वान. या चिनी गोळ्यांच्या घटकांत गेगन, दीहुआंग, हुआंगछी यांबरोबर ग्लिबेनक्लामाइड हे ॲलोपॅथीचे साखर उतरवणारे औषध अधिकृतपणे घातलेले असते, एका गोळीत ०.२५ मिलिग्रॅम. दहा गोळ्या म्हणजे अडीच मिलिग्रॅम. 'वनस्पतींचेच तर आहे' म्हणून स्वतःच्या गोळ्यांवर ही घेतली तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, बेशुद्धी होऊ शकते. डबीवरची घटकांची यादी कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय परदेशातून आलेली डबी उघडू नका.

लागू पडते आहे का

थंड काढ्याने दोन-तीन दिवसांत तहान उतरायला हवी; उतरली की बंद, उरलेला संपवायचा नाही. भिजवणाऱ्या औषधांना दोन आठवडे द्या. रात्रीचे उठणे कमी होणे आणि बोडक्या जिभेवर पातळ पांढरा थर परत येणे, ही चांगली चिन्हे. पोट फुगले किंवा मल सैल झाला तर दीहुआंग जड जात आहे. मात्रा निम्मी करा किंवा वैद्याकडून पचनाला मदत करणारे काही जोडून घ्या. दोन आठवड्यांनंतर तीन दिवसांची नोंद पुन्हा करा, त्याच पेल्याने. लघवी अजून तीन लिटरच्या वर असेल किंवा वजन उतरत असेल तर काढा बदलत बसू नका, नोंदवही घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा.